नित्यनेम आणि नेम : हरिपाठाच्या भाषेसंबंधी काही विचार

नित्यपाठाच्या वाङ्मयाकडे मराठी समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. जे वाङ्मय एकदा वाचून बाजूला ठेवावयाचे असते त्याच्या परीक्षणाची साधने समीक्षकांजवळ आहेत. परंतु जे रोज, ठराविक वेळी, त्याच क्रमाने आणि बहुधा पुस्तक न उघडताच उच्चारावयाचे असते, त्याचे मोल कोणत्या मापाने करावे, हा प्रश्न क्वचित् विचारला गेला आहे. ज्ञानदेवांच्या नाममुद्रेचा हरिपाठ हे याचे ठळक उदाहरण होय. वारकरी संप्रदायात पहाटेचा काकडा आणि सायंकाळचा हरिपाठ हे दिवसाचे दोन खांब मानले जातात. गावोगावच्या देवळांत आणि वारीच्या वाटेवर दिंडीच्या मुक्कामी ही अभंगमाला टाळांवर म्हटली जाते. तिच्यावर सांप्रदायिक निरूपणे पुष्कळ आहेत. तिच्या कर्तृत्वाची चर्चाही झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव हे भिन्न असल्याचे प्रतिपादन झाले, आणि त्या वादात शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीची भाषा व अभंगांची त्या मानाने अर्वाचीन दिसणारी भाषा यांतील अंतर हा एक प्रमुख पुरावा ठरला. मुखपरंपरेने चालत आलेल्या रचनेची भाषा तोंडातोंडी झिजते आणि नवी होते, हे त्यावरील उत्तरही आता सर्वपरिचित आहे. या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. कर्ता कोणीही असो, ही रचना रोज म्हणण्यासाठी आहे, आणि रोज म्हणण्याच्या क्रियेविषयी ती स्वतः काही बोलते. ते काय आणि कोणत्या व्याकरणाने, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘नेम’ या शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. संस्कृत ‘नियम’ शब्दाचे हे मराठी रूप दोन निराळ्या वाटांनी चालत आलेले दिसते. ‘नेम धरणे’, ‘नेम मोडणे’, ‘एकादशीचा नेम’ या प्रयोगांत तो रोजच्या किंवा ठरावीक दिवशीच्या आचाराचा वाचक आहे. ‘नेम साधणे’, ‘नेम चुकणे’ या प्रयोगांत मात्र तोच शब्द नेमबाजाचे लक्ष्यावरील रोखणे दाखवितो. ‘नेमणे’, ‘नेमका’, ‘नेमस्त’ ही त्याचीच भावंडे. ‘पावसाचा काही नेम नाही’ या वाक्यात निश्चितीचा अर्थ उरला आहे, आणि निश्चित करणे हीच या सर्व अर्थांतील सामाईक कल्पना असावी. शब्दाच्या इतिहासावर तत्त्वज्ञान उभारण्याचा मोह टाळलेला बरा. हरिपाठात ‘नेम’ हा शब्द आचाराच्याच अर्थाने येतो, लक्ष्याच्या अर्थाने नव्हे. तथापि मराठी भाषकाच्या मनात हे दोन अर्थ शेजारी राहतात, आणि नित्याचा आचार लक्ष्यावर रोखलेला राहतो की स्वतःच लक्ष्य होऊन बसतो, हा प्रश्न त्या शेजारामुळे आपोआप उपस्थित होतो. हरिपाठाला हा प्रश्न ठाऊक आहे. तो त्याने तीन ठिकाणी तीन प्रकारे मांडला आहे.

प्रचलित क्रमातील बाराव्या अभंगात तीर्थ, व्रत आणि नेम ही तिन्ही एका ओळीत बसवून, भावावाचून त्यांची सिद्धी मानणे ही निष्फळ उठाठेव होय, असे ऐकविले आहे. याच अभंगात पाऱ्याचा कण जमिनीवरून उचलू पाहणाऱ्याचे चित्र येते. बोटांनी जितका प्रयत्न करावा तितका तो निसटतो. साधनांची धडपडही तशीच. उलट भावाच्या बळावर हरी तळहातावरच्या आवळ्यासारखा सहज आकळतो. एकविसावा अभंग सांगतो की नामोच्चाराला काळवेळ नाही. आणि लगेच बाविसावा अभंग नामाचा नित्यनेम असलेला प्राणी दुर्लभ असल्याचे सांगून त्याचा गौरव करतो. म्हणजे नेमाची निंदा, नेमाच्या वेळापत्रकाची अनावश्यकता आणि नेमाची थोरवी अशी तीन विधाने एकाच पाठात, त्यांतील दोन तर लगतच्या अभंगांत आली आहेत. निरूपणकार या विधानांचा मेळ घालतात, आणि तो घालता येतोही : बाराव्यातील नेम हा तीर्थव्रतांच्या पंगतीचा बाह्य आचार, बाविसाव्यातील नेम हा नामाचा. हा मेळ खोटा नाही, पण तो फार लवकर समाधान मानतो. कारण ज्या क्षणी नामपाठ सायंकाळचा ठरीव आचार होतो, त्या क्षणी तोही बाह्य आचाराच्या पंगतीला जाऊन बसू शकतो. हरिपाठाचा नेम पाळणारा मनुष्य रोज स्वतःच्या तोंडाने भावहीन नेमाला व्यर्थ ठरवीत असतो. स्वतःवरील आरोपपत्र स्वतःच्या नित्यपाठात समाविष्ट करणारी रचना सामान्य म्हणता येणार नाही.

उच्चार आणि अर्थ यांचा हा झगडा आपल्याकडे फार जुना आहे. यास्काने निरुक्तात कौत्साचा पूर्वपक्ष नोंदविला आहे. मंत्रांतील शब्द आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही, काही मंत्र परस्परविरुद्ध बोलतात, काहींचे शब्द कोणालाच उमगत नाहीत. म्हणून मंत्रांना अर्थ नाही, असे कौत्साचे म्हणणे. आंधळ्याला खांब दिसत नसेल तर तो खांबाचा अपराध नव्हे, हे यास्काचे उत्तर प्रसिद्धच आहे. विसाव्या शतकात फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने कौत्साचा पक्ष नव्या आयुधांनिशी पुन्हा लढविला. केरळातील पांजाळ येथे १९७५ साली झालेल्या अग्निचयनाचा त्याने तपशीलवार अभ्यास केला, आणि १९७९ च्या एका निबंधात व पुढे १९८९ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, विधी ही नियमबद्ध क्रिया आहे. तिच्यात वाक्यरचनेसारखी रचना आहे, परंतु अर्थ नाही. वैदिक यज्ञाबाबत हे मत कितपत टिकते, हे तज्ज्ञांनी ठरवावे. हरिपाठासारख्या देशभाषेतील पाठाला ते लागू करू गेल्यास मात्र एक अडचण उभी राहते. येथे शब्द म्हणणाऱ्याच्या मातृभाषेतील आहेत. ते त्याला ऐकू येतात. ज्याला ‘नेम’ आणि ‘भाव’ हे शब्द बाजारात आणि ओट्यावर रोज लागतात, त्याला ते पाठात अर्थशून्य करून म्हणता येणे कठीण आहे. कठीण आहे, अशक्य नव्हे. सवय हे काम करू शकते.

सवय शब्दाचे काय करते, याचा सर्वांच्या परिचयाचा नमुना गणेशोत्सवातील आरत्यांत सापडतो. रामदासांच्या नावे प्रचलित असलेल्या गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’ या सामासिक शब्दाचे, म्हणजे सर्पराजाचा कटिबंध धारण करणाऱ्याच्या संबोधनाचे, अनेक मुखांत ‘फळीवर वंदना’ होते. ‘सदना’चे ‘सजणा’ होते. ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. अपरिचित समास कानावर पडला की ऐकणारा तो ओळखीच्या तुकड्यांत मोडून घेतो. गणपती फळीवर बसविलेला असतो, त्याला वंदन करावयाचे असते, संकष्टी चतुर्थी त्याचीच. म्हणजे चुकीतही एक प्रकारची सुसंगती असते. या अपभ्रंशांची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांनी आरतीचे फारसे बिघडत नाही. आरतीत शब्द देवाकडे वळलेले असतात. दिवा ओवाळण्याची क्रिया आणि समूहाचा ठेका यांवर तिचा भार असतो, आणि मधला एखादा शब्द घसरला तरी ओवाळणे थांबत नाही.

हरिपाठात शब्द घसरला तर नुकसान निराळे होते. सव्विसाव्या अभंगात ‘झणी’ असा एक शब्द आहे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीत ‘झणें’ या रूपाने, तो निषेध आणि भय दाखवितो : ‘न जाणो, असे होईल’, ‘पाहा हं, असे करशील’. अर्वाचीन काव्यभाषेत तोच शब्द ‘लवकर’, ‘चटकन’ या अर्थाने रूढ झाला. अभंगात तो दुसऱ्या वाटेने व्यर्थ भरकटण्याविरुद्ध सावध करतो. आजचा पाठक मात्र तेथे त्वरेचा अर्थ घेण्याचा संभव आहे, आणि तसे झाले की इशाऱ्याचे रूपांतर केवळ वर्णनात होते. उच्चार जसाच्या तसा राहिला, काना-मात्रा बदलली नाही, तरी वाक्यातील रोख गेला. रोजच्या पाठाने शब्दाचे शरीर जपले जाते, त्याचा प्राण जपला जाईलच असे नाही. ‘नोहे’, ‘असोनि’ यांसारखी जुनी रूपे ज्या मुखांनी आजवर टिकवून धरली, त्याच मुखांत ‘झणी’चा अर्थ पालटला. येथे शब्द म्हणणाऱ्याकडेच वळलेला आहे, म्हणून त्याची किंमत म्हणणाऱ्यालाच द्यावी लागते.

शब्द कोणाकडे वळलेला आहे, हा मुद्दा व्याकरणाचा आहे, आणि हरिपाठाचे वैशिष्ट्य त्यातच शोधावे लागते. तुलनेसाठी पूजेचा संकल्प घ्यावा. त्यात कर्ता प्रथम स्वतःला विश्वात बसवितो : द्वीप, वर्ष, नदीचा तीर, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र; नंतर स्वतःचे गोत्र आणि नाव; मग पूजेचा हेतू; आणि शेवटी ‘करिष्ये’ हे क्रियापद. संकल्पाचा साचा कायम, पण त्यातील काही जागा रोज नव्याने भराव्या लागतात. कालची तिथी आज चालत नाही. ‘करिष्ये’ हे रूप आत्मनेपदी आहे, आणि क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असता आत्मनेपद योजावे, असे पाणिनीने (१.३.७२) उभयपदी धातूंसाठी सांगितले आहे. उत्तम पुरुष, स्वतःचे नाव, स्वतःकडे येणारे फळ : संकल्पाची सारी रचना ‘मी’च्या भोवती आहे. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ च्या व्याख्यानांत आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या कृतिरूप वचनांचे विवेचन केले, त्यांचा प्रातिनिधिक नमुना म्हणून वचन देण्याच्या शेजारी संकल्प खुशाल ठेवता येईल. हेतूची आठवण ठेवण्याचे हे एक प्रभावी साधन आहे. त्याची उणीव अशी की जागा भरल्या की काम झाले असे वाटते. तिथी बरोबर सांगितली एवढ्यावर मन निश्चिंत होते.

हरिपाठात पाठकाच्या नावाला जागाच ठेवलेली नाही. अभंगाच्या अखेरीस नाव येते ते ज्ञानदेवांचे. म्हणणारा दुसऱ्याच्या नावाने सही करतो. ‘मी’ जवळजवळ अनुपस्थित आहे. ज्या ठिकाणी तो लक्षणीयपणे डोकावतो तो पुन्हा बाराव्याच अभंगाचा शेवट : निवृत्तिनाथांनी सर्व काही आपल्या हाती दिल्याचे सांगताना ‘माझे’ हे रूप येते. हे ‘माझे’ कोणाचे? लेखी संहितेत ते निःसंशय ज्ञानदेवांचे. पाठात मात्र ते म्हणणाऱ्याच्या मुखातून बाहेर पडते, आणि मराठी सर्वनाम ते ज्याच्या मुखात असेल त्याचेच होऊ पाहते. भावहीन नेमाला व्यर्थ ठरविणाऱ्या अभंगातच हे घडावे, ही योगायोगाची गोष्ट असू शकेल. पण वाचकाने ती नजरेआड करू नये.

‘मी’च्या जागी हरिपाठात द्वितीय पुरुष आहे, आणि तो एकसारखा नाही. आरंभीच्या अभंगातील आज्ञार्थ ‘म्हणा’ हा अनेकवचनी आहे. तो मंडळीला उद्देशून आहे, देवळाच्या दारातून दिलेल्या हाकेसारखा. मात्र त्याच अभंगात जिव्हेने वेग करण्याची आज्ञा एकवचनी रूपात येते, म्हणजे जमावातून एका माणसाला बाजूला घेण्यास तेथेच प्रारंभ झालेला आहे. चौथ्या अभंगात ‘करिसी’, ‘भजसी’ ही एकवचनी रूपे प्रश्नाच्या सुरात येतात. प्रपंचासाठी रात्रंदिवस कष्ट उपसतोस, मग हरीला का भजत नाहीस, असा तो प्रश्न. बाराव्यात संबोधन ‘जना’ असे आहे. सव्विसाव्यात ते ‘मना’ होते. सत्ताविसाव्यात कोणतेही संबोधन उरत नाही. केवळ आज्ञार्थ एकामागून एक येतात, त्यांतील काही ‘नको’ने संपणारे निषेधार्थी. मंडळीपासून जनापर्यंत, जनापासून मनापर्यंत, आणि अखेर नावानिशी हाक मारण्याचीही गरज नसलेल्या कोणापर्यंत, असा हा उतार आहे. त्याच्याच जोडीने दुसरा एक प्रवास चालतो. पहिल्या अभंगात साधन आहे मुख, आणि स्थळ आहे देवाचे दार. सव्विसाव्यात जपमाळ अंतरात फिरते आणि वाणीचे मौन होते. बाहेरून आत, उच्चारातून निःशब्दाकडे. कागदावरचा हरिपाठ वाचणाऱ्याला ही रचना स्पष्ट दिसते, आणि ती पाहून समाधानही वाटते.

पण हरिपाठ कागदावर नाही. प्रत्यक्ष पाठात पहिल्या अभंगातील मुखाने हरिनाम घेण्याची आज्ञा ध्रुपद म्हणून अभंगागणिक परत येते. म्हणजे संहिता आत आत जात असता ध्रुपद तिला दर वेळी बाहेर, मुखाशी आणून उभी करते. अंतरातील जपमाळेचा अभंग संपतो आणि टाळ वाजवीत मंडळी पुन्हा मोठ्याने मुखाचीच गोष्ट म्हणू लागते. केवळ संहितेवर बेतलेल्या समीक्षेला हा विसंवाद वाटेल. मौनाचा परिणाम कल्लोळाने पुसला, असा आक्षेपही घेता येईल. वस्तुतः येथे नित्यपाठाचे सारे मर्म आहे. ‘म्हणा’ ही आज्ञा विशेष प्रकारची आहे. ‘चला’ असे म्हटल्याने चालणे होत नाही, ‘द्या’ असे म्हटल्याने देणे होत नाही. पण मुखाने नाम म्हणण्याची आज्ञा जो उच्चारतो, त्याच्या मुखातून त्या आज्ञेतच नाम उच्चारले गेलेले असते. आज्ञा आणि तिचे पालन एकाच श्वासात पुरे होतात. आज्ञा करणारा आणि ऐकणारा एकच. ज्याच्या मनात त्या सायंकाळी भाव नाही, जो दिवसभराच्या शिणाने केवळ ओठ हलवीत आहे, त्यालाही ही आज्ञा मोडता येत नाही, कारण ओठ हलविणे हेच तिचे पालन आहे. भावाची अट अभंग घालतात. ती अट न पुरविणाऱ्याला ध्रुपद दारातून हाकलत नाही. अभंग कठोर आहेत, ध्रुपद दयाळू आहे. दोहोंपैकी एकच असते तर पाठ एक तर निराश करणारा किंवा फसविणारा झाला असता.

छंदही याच कामी आला आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, पहिल्या तीन चरणांत बहुधा जुळणारे यमक आणि चौथा आखूड. आखूड चरणाशेषी श्वासाला जागा मिळते आणि टाळाला ठोका. पाठांतराला इतका सोपा छंद मराठीत क्वचित् असेल. निरक्षर माणसालाही सत्तावीस अभंग मुखोद्गत असतात, याचे श्रेय श्रद्धेइतकेच या बांधणीला द्यावे लागते.

एखादा नित्यपाठ जाणीवपूर्वक रचावयाचा झाल्यास काय होते, याचे विसाव्या शतकातील उदाहरण गांधीजींच्या आश्रमातील सायंप्रार्थनेत आहे. तेथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञलक्षणांचे शेवटचे १९ श्लोक म्हटले जात. विनोबांची गीताई १९३०-३१ मध्ये रचली गेल्यावर मराठी भाषकांना तेच श्लोक आपल्या भाषेत म्हणण्याची सोय झाली. पुढे १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात विनोबांनी या श्लोकांवरच व्याख्याने दिली. हेतूशी रोज जोडलेले राहण्यासाठी केलेली ही निवड विचारपूर्वक आहे, यात शंका नाही. मात्र तिचे व्याकरण हरिपाठाहून वेगळे आहे. अर्जुनाच्या प्रश्नापासून, म्हणजे असा पुरुष कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो येथपासून, आरंभ होऊन पुढे मुख्यतः ‘जो-तो’ या संबंधी सर्वनामांची वाक्ये येतात. तृतीय पुरुष एक आदर्श समोर उभा करतो, आणि पाठकाने आपले अंतर त्याच्याशी मोजावयाचे असते. हे अंतर रोज तेवढेच राहिले तर? श्लोक त्याविषयी काही बोलत नाहीत. आदर्शाचे वर्णन पाठकाला विचारीत नाही की तू आज का आला नाहीस. हरिपाठातील चौथा अभंग नेमका हाच प्रश्न विचारतो. आश्रमाच्या शिस्तबद्ध, स्वेच्छेने एकत्र आलेल्या समूहाला आदर्शाचे चित्र पुरत असेल. शेतावरून परतलेल्या माणसाला बहुधा प्रश्न आणि हाक अधिक उपयोगी पडते. हा गुणदोषांचा निवाडा नसून प्रयोजनाचा भेद आहे, असे म्हणून येथे थांबता आले असते. पण भेदापलीकडेही एक गोष्ट राहते : तृतीय पुरुषातील पाठ कौतुकात जिरून जाण्याचा धोका अधिक, आणि द्वितीय पुरुषातील पाठ टोचत राहण्याचा संभव अधिक.

आज नित्यक्रम स्वतःपुरता, स्वतःच्या निवडीने बांधण्याकडे कल आहे. अशा स्वनिर्मित नेमात वाक्ये बहुशः ‘मी’ने सुरू होतात : मी शांत आहे, मी अमुक करीन. संकल्पाचाच हा वंश, पण त्यातून देश, काल, गोत्र ही सारी वगळून केवळ कर्ता ठेवलेला. ज्या पाठात म्हणणाऱ्याला कोणी प्रश्नच विचारीत नाही, तो त्याला किती दिवस जागे ठेवील, ही शंका हरिपाठाच्या तुलनेने बळावते.

हरिपाठाची स्तुती करताना त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीतील उपमांचे वैभव येथे नाही, आणि पाऱ्याच्या कणासारखी चित्रे विरळ आहेत. पापराशींच्या दहनाची आश्वासने पुनःपुन्हा येतात, त्यांत वैविध्य थोडे. हिशेबाच्या बाबतीत तर पाठ स्वतःशीच पूर्ण सुसंगत नाही. पुण्याची गणना कोण करणार, असे ध्रुपद विचारते, आणि सत्ताविसाव्या अभंगात ‘कोटी’ हा शब्द येतोच. तो जपाकडे जोडावा की पापाकडे, हे वाक्यरचनेवरून निश्चित होत नाही. जपाकडे जोडल्यास मोजदाद मागील दाराने परत आली, असे म्हणावे लागेल. पापाकडे जोडणारा अन्वय पाठाच्या एकंदर प्रवृत्तीशी अधिक जुळतो आणि तो स्वीकारण्यास हरकत नाही, परंतु जपमाळेचे मणी मोजणाऱ्या परंपरेने पहिला अन्वयही आपलासा केला असल्यास तिला दोष देता येणार नाही. काही पाठांत २७ ऐवजी २८ अभंग आढळतात. अठ्ठाविसावा अभंग स्वतःच संख्या सांगतो, इंद्रायणीतीरी नित्य पाठ करण्याचे विधान करतो आणि फळ सांगतो. त्याची भाषा सरळ फलश्रुतीची आहे. आधीच्या अभंगांतील प्रश्न, टोचणी आणि निषेध तेथे नाहीत, आणि केवळ शैलीच्या आधारे पाहिल्यास तो नंतर जोडला गेला असावा, असे मानण्याकडे मन झुकते. प्रत्येक नित्यपाठाला अशी फलश्रुती चिकटते. टोचणारे वाक्य रोज म्हणण्यापेक्षा फळाचे वाक्य रोज म्हणणे कोणालाही सुखाचे वाटते.

शेवटी कालवाचक शब्दांकडे लक्ष वेधणे अवश्य आहे, कारण पाठाची दोन टोके त्यांनी बांधली आहेत. पहिल्या अभंगात दारात उभे राहण्यासाठी मागितलेला वेळ ‘क्षण’ एवढा आहे. सत्ताविसाव्यात ‘अर्धघडी’ही रिकामे राहू नये, अशी ताकीद आहे. घडी २४ मिनिटांची, म्हणून अर्धी घडी १२ मिनिटांची. अमरकोशाच्या मानाने क्षण हा मुहूर्ताचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ४ मिनिटे. त्या हिशेबाने अर्धघडीत तीन क्षण बसतात. कवीने असा हिशेब केला असेल असे मुळीच नाही. लोकभाषेत क्षण म्हणजे पापणी लवण्याएवढा वेळ. तरीही मागणीची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रवेशाच्या वेळी फारच थोडे मागितले जाते, इतके थोडे की नाही म्हणता येऊ नये. मग अभंगामागून अभंग जातात, टाळावर सावकाश म्हटल्यास एका घडीहून अधिक वेळ निघून जातो, मंडळी उठण्याच्या बेतात येते, आणि नेमक्या त्याच वेळी, पाठ संपून घराकडे वळण्याच्या आधी, म्हणणाऱ्याला स्वतःच्याच तोंडून ऐकावे लागते की आता पुढची अर्धी घडीदेखील मोकळी नाही.